ऑइलच्या डब्यावरच्या आकड्यांची वंशावळ

अमेरिकेतल्या लहानशा गावातही गाड्यांच्या सुट्या भागांचं एखादं दुकान असतं आणि त्या दुकानात इंजिन ऑइलची अख्खी एक भिंत असते. त्या भिंतीपुढे घुटमळणारा माणूस नव्या गाडीचा मालक क्वचितच असतो, कारण नव्या गाडीचं ऑइल बहुधा डीलरकडेच बदललं जातं. इथे येतो तो जुन्या पिकअपचा मालक. समजा, गाडी २००३ सालची शेव्हरोले सिल्व्हराडो आहे. ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, दोन लाख मैल धावलेलं, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे ट्रक म्हटलं की डिझेल डोळ्यांपुढे येतं. तिकडचा घरगुती पिकअप ट्रक मात्र बहुतांशी पेट्रोलवर चालतो. सुतार त्यात फळ्या वाहतो, शेतकरी चारा वाहतो, आणि रविवारी त्याच गाडीतून सगळं घर बाहेर पडतं.

इंजिन चालतंय. पण दोन ऑइल बदलांच्या मधे गेजवरची पातळी खाली जाते, मागच्या सीलमधून थोडं पाझरतं, सकाळी सुरू करताना क्षणभर टॅपेटचा आवाज येतो. हातातल्या डब्यावर लिहिलेलं असतं : ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी, हाय मायलेज. शेजारच्या डब्यावर १०डब्ल्यू-४०. दुकानदार एक सांगतो, गॅरेजवाला दुसरं, शेजारी तिसरंच. या सगळ्यांत न पडता मला त्या डब्याचीच उलटतपासणी घ्यावीशी वाटते. त्यावरचं एकेक अक्षर वेगळ्या काळात, वेगळ्या अडचणीतून आलेलं आहे. काही अक्षरं इंजिनासाठी आली, काही थंडीसाठी, तर काही सरकारी नियमासाठी. कुठलं कुणासाठी हे कळलं की निवड अर्धी झाली.

मोटारी येण्याआधी वंगण म्हणजे बहुतेक चरबी. वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरला गुरामेंढरांची चरबी, बारीक यंत्रांना देवमाशाचं तेल, आपल्या बैलगाडीच्या आसाला एरंडेल. चरबीचा दोष असा की वाफेच्या उष्णतेत ती फुटते, तिच्यात आम्ल तयार होतं आणि तेच आम्ल सिलिंडरचं लोखंड खातं. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला ड्रेकची विहीर लागली तेव्हा सगळ्यांचं लक्ष दिव्याच्या रॉकेलवर होतं. जड, काळपट उरलेलं तेल कुणालाच नको होतं. जॉन एलिस नावाच्या डॉक्टरने त्या खनिज तेलात औषधी गुण शोधायला घेतले. ते सापडले नाहीत, पण वाफेच्या इंजिनात ते चरबीपेक्षा चांगलं टिकतं हे त्याच्या ध्यानात आलं. १८६६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला त्याने कंपनी काढली. तीच पुढची व्हॅल्व्होलिन. या लेखात तिचं नाव शेवटी पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी, त्याच राज्यात, रॉचेस्टरला हायरम एव्हरेस्ट आणि मॅथ्यू युइंग यांनी निर्वात पात्रात तेल ऊर्ध्वपातित करण्याची रीत काढली. त्यांनाही हवं होतं रॉकेलच. मागे उरलेलं जाड तेल आधी घोड्यांच्या चामडी सरंजामाला गेलं आणि मग वाफेच्या इंजिनांना. ती व्हॅक्युम ऑइल कंपनी. हिच्याशी आपलं नातं थेट मुंबईपर्यंत येतं. तिच्या वंशातल्या स्टँडर्ड-व्हॅक्युमने १९५४ मध्ये ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाना उभा केला. तो पुढे एस्सोकडे गेला आणि १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात हिंदुस्तान पेट्रोलियम झाला. आज वंगणाचं मूळ तेल तयार करणाऱ्या देशातल्या मोठ्या कारखान्यांत त्याची गणना होते.

अमेरिकन पेट्रोल ट्रकचा मूळपुरुष म्हणजे १९१७ ची फोर्ड मॉडेल टीटी. मॉडेल टी मोटारीचंच इंजिन, एक टन माल ओढायला लावलेलं. त्याला ऑइल पंप नव्हता. ऑइल चेंबरमधल्या तेलात फिरते भाग बुडत आणि उडालेल्या शिंतोड्यांवर इंजिन जगे. गेजही नव्हती. चेंबरच्या पाठीमागे एकाखाली एक दोन छोटे नळ असत. मालकाने गाडीखाली शिरायचं आणि वरचा नळ फिरवायचा. तेल आलं तर पुरेसं आहे. नाही आलं तर खालचा फिरवायचा. तिथूनही आलं नाही तर गाडी हलवायची नाही. अशा इंजिनाला पातळ तेल लागे, कारण जाड तेलाचे शिंतोडे नीट उडत नाहीत. पण पातळ म्हणजे किती पातळ? 'हलकं', 'मध्यम', 'जड' असे शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने वापरत होती. एकीचं मध्यम ते दुसरीचं जड.

डब्यावरच्या आकड्याचा जन्म या गोंधळातून झाला. अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ पासून यात हात घातला आणि १९२६ मध्ये आकड्यांची पद्धत आणली. मोजणी होती सेबोल्टच्या यंत्राने. हे यंत्र आज बघितलं तर साधं वाटतं. पितळी नळकांडं, भोवती गरम तेलाची किंवा पाण्याची अंघोळ, तळाशी ठरावीक मापाचं भोक, त्याला बूच. वंगण ठरलेल्या तापमानाला आणायचं, बूच ओढायचं आणि खालच्या काचेच्या भांड्यात ६० मिलिलिटरची खूण गाठायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघायचं. २१० अंश फॅरनहाइटला, म्हणजे पाणी उकळण्याच्या जरा खाली, ज्या तेलाला ५८ ते ७० सेकंद लागतात ते ३०. ७० ते ८५ लागले तर ४०. आज मोजमापाचं एकक वेगळं आहे. १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक म्हणजे ३०. पण पट्टा जवळजवळ तोच राहिला. २००३ च्या सिल्व्हराडोत आपण जे '३०' ओततो त्याची व्याख्या मुळात त्या पितळी नळकांड्याखाली झालेली आहे. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवावी. ३० हा एक बिंदू नाही, पट्टा आहे. एका कंपनीचं ३० पट्ट्याच्या तळाशी असू शकतं, दुसरीचं माथ्याला. जुन्या इंजिनाच्या बाबतीत हा फरक पुढे कामाचा ठरतो.

गरम तेलाचा प्रश्न असा सुटला. थंड तेलाचा राहिला. मिनेसोटा-डाकोटाकडच्या हिवाळ्यात ३० नंबरचं तेल काकवीसारखं घट्ट व्हायचं. लोक रात्री तेल काढून घरात चुलीजवळ ठेवत आणि सकाळी कोमट करून परत ओतत. कुणी सरळ रॉकेल मिसळत. सगळी तेलं सारखी घट्ट होत नाहीत हे मात्र कारागिरांना ठाऊक होतं. पेनसिल्व्हेनियाचं तेल थंडीत कमी घट्ट आणि उन्हात कमी पातळ होई, मेक्सिकोच्या आखाताकाठचं तेल दोन्हीकडे टोक गाठी. १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस यांनी या फरकाचं माप बसवलं. पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला १००, आखाती तेलाला ०. हाच व्हिस्कॉसिटी इंडेक्स. शंभराच्या वर कुणी जाईल असं तेव्हा त्यांना वाटलं नसावं. आजची चांगली तेलं दीडशेच्या पुढे असतात.

१९३० च्या दशकात आकड्यापुढे 'डब्ल्यू' लागला, तो विंटरचा. तेव्हा तेल हिवाळ्याचं किंवा उन्हाळ्याचं असायचं आणि मोसम बदलला की ते बदलावं लागे. एकाच डब्यात दोन मोसम बसवले ते पॉलिमरच्या लांब साखळ्यांनी. थंडीत या साखळ्या गुंडाळून बसतात, तापल्यावर उलगडतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा उपयोग विमानांच्या हायड्रॉलिक तेलात झाला आणि १९५० च्या दशकात १०डब्ल्यू-३० सारखी बहुश्रेणी तेलं पेट्रोलपंपांवर आली.

पण साखळ्यांना मर्यादा असतात आणि त्यांची किंमत इंजिनांनी मोजली. १०डब्ल्यू-४० मध्ये दोन टोकांतलं अंतर मोठं, म्हणून पॉलिमर जास्त. ते जळून पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत बसू लागलं. जनरल मोटर्सने १९८० च्या दशकात आपल्या पेट्रोल इंजिनांसाठी १०डब्ल्यू-४० ची शिफारस काढून घेतली. जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी १०डब्ल्यू-४० बद्दल जी अढी ऐकू येते तिचं मूळ तिथे आहे. आजचं पॉलिमर आणि मूळ तेल दोन्ही सुधारलं, त्यामुळे ती अढी जशीच्या तशी धरून बसायचं कारण नाही.

दुसरा धडा दक्षिण डाकोटातल्या सू फॉल्सने दिला. १९८०-८१ च्या हिवाळ्यात तिथे इंजिनं बसली. तेल प्रमाणित होतं, थंडीत स्टार्टर इंजिन फिरवू शकेल इतकं पातळ होतं. इंजिनं सुरूही झाली. पण हवा हळूहळू गार होत गेली तेव्हा तेलातल्या मेणाची जाळी बनली होती. चेंबरमधलं तेल दह्यासारखं उभं राहिलं, पंपाने मधली जागा ओढून घेतली आणि पुढे हवाच ओढली. बेअरिंग कोरडी फिरली. तेव्हापासून डब्ल्यूमागच्या आकड्याला दोन परीक्षा आहेत : इंजिन फिरतं का, आणि तेल पंपात चढतं का. ५डब्ल्यूला पहिली परीक्षा उणे ३० अंश सेल्सिअसला द्यावी लागते, दुसरी उणे ३५ ला. इंजिन सुरू होतानाच्या त्या कोरड्या क्षणांत त्याची झीज भरपूर होते. म्हणून जुन्या गाडीला 'जाड' घालायचं म्हणून डब्ल्यूचा आकडा वाढवणं हे मला थंड प्रदेशात सरळसरळ चुकीचं वाटतं. वाढवायचाच तर शेवटचा आकडा वाढवावा.

आता डब्यावर न दिसणारं, पण आत असलेलं. १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत रिंगा चिकटू लागल्या. स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाने १९३५ मध्ये तेलात साबणाच्या जातीचं रसायन मिसळून त्यावर उपाय काढला. ते डेलो. डिटर्जंट ऑइल तिथून सुरू झालं आणि पेट्रोल इंजिनांत आलं. त्याबरोबर एक समजूतही आली, की जुन्या इंजिनात डिटर्जंट तेल घातलं की ते गळायला लागतं. ही समजूत निराधार नव्हती. वर्षानुवर्षं साध्या तेलावर चाललेल्या इंजिनात काजळी आणि गाळ साचून तोच सीलची भेग बुजवून बसलेला असे. गाळ धुतला की भेग उघडी पडे. तेलाने सील बिघडवलं नव्हतं, बिघडलेलं सील दाखवलं होतं. १९७० च्या दशकात सिंथेटिक तेलं आली तेव्हा तक्रार परत उठली, आणि यावेळी तीत थोडं जास्त तथ्य होतं. १९७२ चं ॲम्सऑइल आणि १९७४ चं मोबिल-१ हे यातले आघाडीचे. त्यातल्या पीएओ जातीच्या मूळ तेलात रबर किंचित आकसतं. त्याला तोड म्हणून रबर फुगवणारे एस्टर मिसळावे लागतात. हे एस्टर लक्षात असू द्या.

एपीआय आणि त्यापुढची दोन अक्षरं यांची कथा थोडक्यात. १९४७ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने तेलाचे तीन वर्ग केले, आजची 'एस'ची मालिका १९७० च्या सुमारास आली. पेट्रोल इंजिनासाठी एसए, एसबी असं चढत २००१ चं एसएल, २०१० चं एसएन, २०२० चं एसपी. २००३ ची गाडी एसएलच्या काळातली. एसपी तिला चालतं का? चालतं. टर्बो इंजिनांतली अवेळी पेट रोखणं आणि टायमिंग चेनची झीज कमी करणं यासाठी एसपी आलं. जुन्या व्ही-८ ला पहिल्याचा उपयोग नाही, दुसऱ्याने नुकसान नाही.

या अक्षरांच्या आत मात्र एक खरी घट झाली, ती झिंक-फॉस्फरसच्या संयुगाची. तिकडचे मेकॅनिक त्याला नुसतं 'झिंक' म्हणतात. १९४० च्या दशकात ते बेअरिंग गंजू नये म्हणून आलं. पुढच्या दशकात दणकट व्हॉल्व्ह स्प्रिंगांची व्ही-८ इंजिनं आली, कॅम आणि टॅपेट एकमेकांना खाऊ लागले, तेव्हा हेच संयुग झीज थांबवतं असं दिसलं. १९७५ च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले आणि फॉस्फरस त्यांना मारक ठरला. मग त्याची मर्यादा उतरत गेली : ०.१२ टक्के, ०.१०, आणि २००४ पासून पातळ श्रेणींत ०.०८. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांना, म्हणजे १९८०-९० च्या कित्येक ट्रकांना, याची काळजी रास्त आहे. पण आपल्या सिल्व्हराडोत रोलर टॅपेट आहेत, तिथे घासण्याऐवजी लोळण आहे. तिला वेगळं झिंक विकत घेऊन ओतू नये. कन्व्हर्टरचा खर्च अंगावर येईल.

सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो शेवटचा आकडा. १९७३ च्या तेलकोंडीनंतर अमेरिकन संसदेने १९७५ मध्ये कायदा करून गाड्यांच्या सरासरी मायलेजचे निकष घातले. हलक्या ट्रकांनाही ते लागले. एकेका गाडीत पातळ तेलाने वाचणारं पेट्रोल एका टक्क्याच्या आतबाहेरचं. मालकाला ते कळतही नाही. पण लाखो गाड्यांच्या सरासरीत कंपनीला ते सोन्यासारखं. २००१ च्या सुमारास फोर्डने बहुतेक पेट्रोल इंजिनांना ५डब्ल्यू-२० लावलं, इतरांनी ०डब्ल्यू-२० पर्यंत मजल मारली. सरकारचा नियम असा की मायलेजच्या चाचणीत जे तेल वापरलं तेच मालकालाही सांगावं. त्यामुळे ऑइलच्या टोपणावर एकच श्रेणी छापली गेली. पूर्वी गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकांत बाहेरच्या हवामानाप्रमाणे तीन-चार श्रेणींचा तक्ता असे. तीच इंजिनं देशाबाहेर जातात तेव्हा तो तक्ता कित्येकदा परत येतो. पातळ तेल वाईट असं मी म्हणत नाही. त्या तेलासाठी पंप आणि बेअरिंगचा गाळा जुळवलेला असेल तर इंजिन त्यावर दीर्घकाळ चालतं. पण सुरक्षिततेची पट्टी कशी अरुंद होते याचं ताजं उदाहरण आहे. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही-८ च्या जवळपास ६ लाख ट्रक आणि एसयूव्ही अमेरिकेत परत बोलावल्या. दोष क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या घडणीत होता. तपासणीत जी इंजिनं ठीक निघाली त्यांना काय दिलं? ०डब्ल्यू-२० च्या जागी ०डब्ल्यू-४०, आणि नवा आकडा छापलेलं ऑइलचं टोपण. थंडीचा आकडा तसाच ठेवून गरमीचा आकडा दुप्पट. इतक्या उघडपणे कंपनीने जाड तेलाकडे जाण्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

राहिलं 'हाय मायलेज'. १९२८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या केंडॉलने '२००० मैल टिकणारं ऑइल' म्हणून जाहिरात केली, तेव्हा तो मोठा दावा होता. कित्येक दशकं अमेरिकन गाड्यांच्या मीटरला पाचच घरं होती. ९९,९९९ नंतर शून्य. लाखापुढे गाडी जाईल हे बनवणाऱ्याने धरलंच नव्हतं. फ्युएल इंजेक्शन आलं, शिसं गेलं, रिंगा आणि बोअर सुधारले आणि इंजिनं दोन लाखांपर्यंत जाऊ लागली. २०२४ मध्ये अमेरिकन रस्त्यावरच्या गाडीचं सरासरी वय १२.६ वर्षं होतं. हा ग्राहक आधी ओळखला तो जॉन एलिसच्याच व्हॅल्व्होलिनने. २००० साली ७५,००० मैलांपुढच्या गाड्यांसाठी तिने मॅक्सलाइफ आणलं. आत काय? सिंथेटिक तेलातला दोष झाकायला जे एस्टर आले होते त्यांच्यासारखी, कडक झालेलं सील मऊ करणारी द्रव्यं. डिटर्जंट थोडं जास्त. आणि जाडी बहुधा पट्ट्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे ३० असूनही माथ्याजवळचं ३०. जादू नाही, पण फसवणूकही नाही. फाटलेलं सील ते जोडत नाही, कडकलेल्या सीलला काही वर्षं देतं.

तर त्या सिल्व्हराडोला काय घालावं? पुस्तकातलं ५डब्ल्यू-३०, हाय मायलेज, एसपीची मोहोर असलेलं. एका बदलाला सुमारे साडेपाच-पावणेसहा लिटर लागतं. ऑइल खात असेल तर डबा बदलण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातले वायू बाहेर ओढू देणारी झडप, बघा. या इंजिनात तो आणि व्हॉल्व्ह कव्हर हे तेल खाण्याचं नेहमीचं कारण आहे. सकाळचा आवाज आणि कमी प्रेशर दिसत असेल तर ऑइल पंपाच्या ओढनळीवरची रबरी रिंग तपासून घ्या. ती कडकली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, आणि त्यावर कुठलंही जाड तेल हा इलाज नाही. हे सगळं करूनही पातळी उतरत असेल तर ५डब्ल्यू-४० घाला. टेक्सास-ॲरिझोनासारख्या उष्ण राज्यात १०डब्ल्यू-४० ही चालेल, मिनेसोटात नाही. आणि कुठलाही डबा घेतलात तरी दर दुसऱ्या टाकीला गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, गेज पुसून पुन्हा घाला आणि पातळी बघा. जुनी इंजिनं चुकीच्या ग्रेडपेक्षा कमी तेलाने जास्त मरतात.